परदेशातली देणगी, इथला हिशेब

वाचकांचे प्रश्न

परदेशस्थ मराठी माणसांकडून देणगी घेणाऱ्या संस्था आणि ती देणारी माणसे, अशा दोन्ही बाजूंची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. ‘विश्वास कसा मिळवायचा?’ असे बहुतेकांनी सुरुवातीला विचारले आहे. पत्र पुढे वाचत गेले की अडचण पावतीची, खात्याची किंवा कधीच न पाठवलेल्या अहवालाची निघते. म्हणून उत्तरेही तिथूनच सुरू केली आहेत.

आमचे विद्यार्थी वसतिगृह आहे. दहावीच्या एका जुन्या तुकडीतली परदेशात असलेली पंचवीसेक मुले मिळून सहा लाख रुपये देऊ म्हणतात. आमच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची, नोंदणी नाही. त्यांच्यातला एक जण म्हणतो, ‘मी सगळ्यांचे पैसे गोळा करतो आणि माझ्या पुण्याच्या खात्यातून एकरकमी पाठवतो.’ चालेल का?
– एक विश्वस्त, सातारा जिल्हा

असे करू नका. तो भल्या मनाने सुचवतो आहे, पण यात अडकाल तुम्ही.

माणूस कुठे राहतो हे इथे दुय्यम आहे. त्याच्याकडे आज कोणत्या देशाचा पासपोर्ट आहे, ते आधी विचारायचे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँक व्यवहाराने दिलेली देणगी कायद्याच्या नजरेत परदेशी देणगी नसते. ती तुमच्या रोजच्या खात्यात घेता येते. त्याच वर्गात त्याच्या शेजारी बसणारा मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला असेल, तर त्याची देणगी मात्र परदेशी ठरते. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देते ते) असले तरी ठरते. त्याने पुण्यातल्या खात्यातून रुपयांत दिली तरी ठरते. आणि परदेशात नोंदलेले महाराष्ट्र मंडळ, ट्रस्ट किंवा कंपनी देत असेल, तर तिचे सगळे सभासद भारतीय नागरिक असले तरी पैसा परदेशीच.

एकाने गोळा करून पाठवण्यात खोट दोन ठिकाणी आहे. ‘स्वतःची बचत’ ही अट मोडते, आणि आत कोणाकोणाचे किती पैसे आहेत हे तुम्हाला सांगता येत नाही. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी देणगी घेणे हा २०१० च्या या एफसीआरए कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग करायचे काय? त्या गटाकडून एक यादी मागवा: पासपोर्टवरचे नाव, आजचे नागरिकत्व आणि कोणत्या खात्यातून पैसे येणार ते. भारतीय पासपोर्टवाल्यांनी आपापल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांची इथल्या बँकेतली खाती) वेगवेगळे पाठवावेत. प्रत्येकाकडून पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत घ्या आणि ‘मी आज भारतीय नागरिक आहे, ही माझी वैयक्तिक बचत आहे’ असे सहीचे दोन ओळींचे पत्र घ्या. पावती ज्याच्या त्याच्या नावाने द्या. संयुक्त खाते असेल आणि नवरा-बायकोपैकी एकाचे नागरिकत्व बदललेले असेल, तर दुसऱ्याच्या एकट्याच्या खात्यातून पाठवायला सांगा. हे कागद दर वर्षी नव्याने घ्यायचे. मागच्या दिवाळीत भारतीय असलेला माणूस या दिवाळीत नसू शकतो, आणि ते तो आपणहून कळवत नाही.

उरलेल्यांना थांबायला सांगा. ‘शेजारच्या संस्थेकडे एफसीआरए आहे, ती घेईल आणि आपल्याला देईल’ ही जुनी वाट सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली. एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी आता दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, दुसरीची नोंदणी असली तरीही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. तुम्ही तिथवर पोचत नसाल तर पूर्वपरवानगीचा अर्ज असतो. ती ठरावीक देणगीदाराच्या, ठरावीक रकमेसाठी आणि ठरावीक कामासाठीच मिळते, आणि अर्जासोबत त्या देणगीदाराचे देणगी देण्याची हमी देणारे पत्र लागते. दोन्ही मार्गांत पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच उतरतो. तिथून तो गावाकडच्या वापरखात्यात आणता येतो, पण त्या खात्यात इथल्या देणगीचा एक रुपयाही मिसळायचा नाही.

हे सगळे देणगीदारांना कळवायला संस्थांना संकोच वाटतो. वाटू देऊ नका. ‘तुमचे पैसे आम्ही आज घेऊ शकत नाही, कारण असे’ हे पत्र मिळालेला माणूस पुढच्या वेळी निर्धास्तपणे देतो.

मी न्यू जर्सीत राहते. एका संस्थेला २०२२ मध्ये दोन हजार डॉलर दिले. त्यानंतर दोन फोटो आणि एक दिवाळीचे भेटकार्ड आले. आता पुन्हा मागणी आली आहे. अविश्वास न दाखवता काय विचारता येईल?
– एक देणगीदार

हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. पण नेमके विचारा, म्हणजे उत्तरही नेमके येईल. ‘पैशांचे काय केले?’ या प्रश्नाला फोटोच येणार.

तुमचे डॉलर कोणत्या तारखेला, किती रुपये होऊन जमा झाले आणि जमाखर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली खर्ची पडले, हे आधी विचारा. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब परिशिष्टांसह मागा. पहिले पान पुरत नाही, कारण खरी माहिती परिशिष्टांत असते. एफसीआरए नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते, ती कधी संपते ते विचारा. एफसी-४ हे वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे असते. त्याची प्रत मागा. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा उतारा, ज्याला संस्थांत ‘शेड्यूल वन’ म्हणतात, तोही मागा आणि त्यातली विश्वस्तांची नावे लेटरहेडवरच्या नावांशी जुळवून पाहा. जुळत नसतील तर बहुधा चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची धर्मादाय आयुक्तांना दिलेली सूचना, मंजुरीविना पडून आहे, किंवा विश्वस्तांत वाद आहे. लबाडीच असेल असे नाही, पण कारण विचारायला हवे. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेचा क्रमांक तुम्हाला घरबसल्या तपासता येतो.

तीन आठवडे वाट पाहा. छोट्या संस्थेत हिशेबनीस आठवड्यातून दोनच दिवस येत असतो. मात्र ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे उत्तर आले, तर पुढचा धनादेश दुसरीकडे द्या.

दोन हजार डॉलरसाठी दरमहा अहवाल किंवा प्रत्येक वहीचे बिल मागू नका. तो खर्च शेवटी मुलांच्या वाट्यातून जातो.

संस्थांसाठीही इथेच सांगून टाकतो. पैसे खात्यावर दिसल्यापासून आठ दिवसांत पावती जायला हवी, आणि तिच्यावर प्रत्यक्ष जमा झालेली रुपयांतली रक्कम हवी. मधल्या बँकेने शुल्क कापलेले असते, म्हणून देणगीदाराने धरलेला आकडा आणि तुमचा आकडा जुळत नाही. हा फरक तुम्ही आधी सांगितलात तर एक ओळ पुरते, त्याने विचारल्यावर सांगितलात तर संशय उरतो. सहा महिन्यांनी एक पानाचे पत्र पाठवा: किती आले, किती खर्च झाले, किती शिल्लक आहे आणि काम ठरल्यापेक्षा कुठे मागे आहे. लेखापरीक्षण झाल्यावर, म्हणजे साधारण नोव्हेंबरात, पूर्ण हिशेब पाठवा. आपले वर्ष एप्रिल ते मार्च आणि तिकडचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. शिवाय डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाठवलेली देणगी इथे जानेवारीत दिसू शकते. पत्रात दोन्ही तारखा लिहा.

खरी तपासणी बहुतेक वेळा देणगीदार करतच नाही. त्याचा पुण्यातला भाऊ नाही तर डोंबिवलीचे मेव्हणे करतात. ते न सांगता आले तरी त्यांना काम पाहता यावे अशी व्यवस्था ठेवा.

देणगीदार विचारतात, ‘किती टक्के पगारावर जातात?’ आमचे काम आरोग्याचे आहे. डॉक्टर, परिचारिका आणि गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या हाच आमचा खर्च. खरा आकडा सांगितला की लोक बिचकतात.
– एक हिशेबनीस, विदर्भ

आकडा लपवू नका, फोडून सांगा. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपलीकडे करता येत नाही. २०२० पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. पण सगळे पगार प्रशासकीय खर्चात मोडत नाहीत. रुग्णालयातल्या डॉक्टरांचा किंवा शाळेतल्या शिक्षकांचा पगार हा थेट कामावरचा खर्च, असे नियमच सांगतो. कार्यालयाचे भाडे, हिशेबनीसाचा पगार, वीज-टेलिफोन, प्रवास आणि विश्वस्तांवरचा खर्च प्रशासकीय बाजूला जातो.

म्हणून अहवालात ‘पगार ६८ टक्के’ अशी एकच ओळ कधी लिहू नका. ‘दोन डॉक्टर, पाच परिचारिका, बावीस गावांतल्या कार्यकर्त्या’ अशी ओळ वेगळी आणि ‘कार्यालय व हिशेब’ ही वेगळी. त्यापुढे वर्षभरात तपासलेल्या रुग्णांचा आकडा. आणि प्रशासकीय खर्च तीनच टक्के दाखवण्याच्या मोहात पडू नका. जाणता देणगीदार विचारेल की मग हिशेब लिहितो कोण? एक तर आकडा खोटा असतो, नाही तर हिशेबनीस उपाशी.

कोकणातल्या एका संस्थेसाठी आम्ही सहा-सात जण अमेरिकेत ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय, संस्था काढायची म्हणतो. देणगीदारांना करसवलत मिळेल आणि कंपन्यांची जोडदेणगीही (कर्मचाऱ्याच्या देणगीला जोडून कंपनी देते ती). काही धोका?
– टेक्ससहून

कल्पना चांगली आहे, पण कागदावर एक गोष्ट बहुतेकांच्या हातून निसटते. करसवलत मिळते ती तुमच्या अमेरिकी संस्थेला दिलेल्या देणगीवर. त्या पैशावर ताबा आणि निर्णय तुमच्या संचालक मंडळाचा असला पाहिजे. ‘इथे द्या, सगळे जसेच्या तसे कोकणात जातील’ असे माहितीपत्रकात छापलेत की तुम्ही नुसती पैसे पुढे ढकलणारी नळी ठरता, आणि सवलत धोक्यात येते. मंडळाने प्रस्ताव वाचला, ठराव केला, लेखी करार केला, अहवाल घेतला आणि गरज पडल्यास नकार दिला, याची नोंद कार्यवृत्तात हवी. कोकणातल्या संस्थेच्या सचिवांचे सख्खे भाऊच तुमचे अध्यक्ष असतील, तर त्या ठरावाच्या वेळी त्यांनी बाहेर बसावे आणि तसे लिहून ठेवावे.

करमुक्त दर्जासाठीच्या अर्जाची फी पूर्ण अर्जाला ६०० डॉलर, छोट्या संस्थांच्या संक्षिप्त अर्जाला २७५ डॉलर. संक्षिप्त अर्जासाठी वार्षिक जमा ५० हजार डॉलरच्या आत राहण्याची अपेक्षा असते. सुरुवातीचा उत्साह इथपर्यंत पुरतो. मग चौथ्या वर्षी कोणाच्या तरी लक्षात येते की अमेरिकी करखात्याकडे ९९० मालिकेतले वार्षिक विवरण भरलेच नाही. सलग तीन वर्षे ते चुकले की करमुक्त दर्जा आपोआप रद्द होतो. जमा अगदी कमी असली तरी ई-पोस्टकार्ड नावाचे छोटे विवरण भरावेच लागते. कोण भरणार त्याचे नाव पहिल्या बैठकीत ठरवा. देणगी २५० डॉलर किंवा जास्त असेल तर तुमच्या संस्थेची लेखी पोच द्या आणि बदल्यात वस्तू वा सेवा दिली की नाही ते तीत लिहा. कोकणातल्या संस्थेच्या ८०जी पावतीचा (भारतातल्या करसवलतीच्या) अमेरिकी करविवरणात काही उपयोग नाही. अमेरिकेतल्या आवाहनावर ठळक अक्षरांत ‘८०जी’ छापलेले दिसले की पाठवणाऱ्याला तिथली माहिती नाही, हे वाचणाऱ्याला लगेच कळते.

शिवाय पलीकडच्या टोकाला एफसीआरए हवेच, ते आधी पाहा. वर्षाला वीस-पंचवीस हजार डॉलरच जमणार असतील तर नवी संस्था काढण्याआधी चालू असलेल्या संस्थांशी बोला. महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ पासून अमेरिकेत काम करते आहे. आपली पाटी वेगळी हवी, एवढ्याच कारणासाठी काढलेल्या संस्था फार टिकत नाहीत.

गावासाठी पाणी योजना म्हणून परदेशातून अकरा लाख आले. दोन बोअर घेतले, दोन्ही कोरडे गेले. देणगीदारांना कळवावे की तिसरा बोअर लागेपर्यंत थांबावे?
– एक सचिव, मराठवाडा

आजच कळवा. तिसराही कोरडा गेला तर काय कराल? गावातला कोणी तरी फेसबुकवर लिहीलच, आणि मग तुमचे पत्र खुलासा म्हणून वाचले जाईल.

पत्र एक पानाचे. काय झाले, कोणत्या तारखेला, किती फुटांवर. आजवर किती खर्च झाले. किती उरले आणि कोणत्या खात्यात आहेत. पुढे दोन पर्याय, प्रत्येकाचा खर्च, आणि उत्तर कधीपर्यंत हवे. दिलगिरीची एक ओळ पुरे. दैवाला, पावसाला आणि सरकारला दोष देणारा परिच्छेद गाळा.

पैसा ज्या कारणासाठी आला त्याच कारणासाठी वापरायचा, हे एफसीआरएचे बंधन आहे. बोअरऐवजी पावसाचे पाणी साठवणारी टाकी बांधायची ठरली तर प्रत्येक देणगीदाराची ईमेलवर संमती घ्या. जो उत्तर देत नाही त्याच्या वाट्याला हात लावू नका, पुन्हा विचारा.

मूळ चूक मात्र आवाहनातच असणार. मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली काळा बेसाल्ट आहे. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकातल्या भेगांत असते. शंभर फुटांवरच्या शेजाऱ्याला लागले म्हणून आपल्याला लागेल असे नाही. ‘अकरा लाखांत गावाला पाणी’ असे लिहिले की कोरडा बोअर फसवणुकीसारखा दिसतो. पुढच्या वेळी पैसे टप्प्यांनी मागा. आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून किंवा जाणकार भूवैज्ञानिकाकडून पाहणी, मग चाचणी बोअर, आणि पाणी लागले तरच पंप, टाकी, पाइपलाइन. बोअर कोरडा जाऊ शकतो, हे आवाहनातच लिहा. त्याने देणगी कमी येते असा समज आहे. थोडी येत असेलही, पण नंतर असे पत्र लिहायची वेळ येत नाही.

एक दांपत्य आई-वडिलांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवू इच्छिते. व्याजातून ‘दर वर्षी एका मुलीचे शिक्षण, कायमचे’ आणि वर्गावर नावाची पाटी. होकार द्यावा का?
– मुख्याध्यापिका, सोलापूर

ठेवीला हो, ‘कायमचे’ला नाही. सात टक्के व्याज धरले तर वर्षाला ३५ हजार मिळतात. आज एका मुलीचा खर्च तेवढाच असेल आणि तो दर वर्षी सात टक्क्यांनी वाढला, तर दहा वर्षांनी दुप्पट होतो. व्याज तेवढेच राहते. म्हणून पत्रात लिहा: ‘व्याजातून जेवढा खर्च भागेल तेवढा एका विद्यार्थिनीला.’ किंवा व्याजातला काही भाग दर वर्षी मुदलात घालायची परवानगी घ्या.

‘ही रक्कम कायम निधीसाठी आहे’ असे देणगीदाराचे लेखी पत्र घ्या. ते नसेल तर ती रक्कम करविषयक हिशेबात साधे उत्पन्न धरली जाते. देणगीदार परदेशी नागरिक असतील तर ठेव एफसीआरएच्या पैशांतच वेगळी राहते, आणि तिच्यावरचे व्याजही परदेशी देणगीच मानले जाते. ते एफसी-४ मध्ये दाखवावे लागते. हे व्याज विसरणे फार सर्रास घडते.

पाटीचे नियम विश्वस्तांच्या ठरावाने आधी करा: आकार सर्वांचा एकच, मजकुरात नाव आणि वर्ष, मुदत इमारतीच्या आयुष्याइतकी किंवा पंधरा वर्षे. इमारत पाडली तर पाटीचे काय, तेही लिहा. एकाची संगमरवरी आणि दुसऱ्याची पत्र्याची झाली की तक्रार पाच लाखवाल्याची नव्हे, पन्नास हजारवाल्याची येते, आणि ती रास्त असते.

मुलांचे फोटो पाठवले नाहीत तर देणगीदार दुरावतात का?
– कार्यकर्ती, नाशिक

चेहरे न दाखवताही काम दाखवता येते: वर्ग, वह्या, हजेरीपट, मागून घेतलेला फोटो. नाव, गाव आणि चेहरा हे तिन्ही एकत्र कधी देऊ नका. पालकांची मराठीत लिहिलेली संमती घ्या, आणि ती मागे घेता येईल असे त्यांना सांगा. ‘माझ्या मुलीशी’ व्हिडिओवर बोलू द्या, अशी मागणी आली तर नम्रपणे नाही म्हणा. अनाथ, एचआयव्हीबाधित किंवा अत्याचारग्रस्त मुलांच्या बाबतीत तर फोटोचा विषयच नको.

दुबईत आम्ही पन्नास-साठ गावकरी आहोत. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी व्हॉट्सअ‍ॅपवरून वर्गणी जमवायची आहे.
– रत्नागिरीकर, सध्या दुबई

तिथे जमवू नका. संयुक्त अरब अमिरातीत परवानाधारक संस्थेखेरीज कोणीही लोकांकडून देणगी गोळा करणे बेकायदा आहे. २०२१ चा संघीय कायदा त्यासाठीच आहे, आणि समाजमाध्यमांवरचे आवाहनही त्यात येते. रक्कम लहान आहे किंवा सगळे एकाच गावचे आहेत, ही सबब चालत नाही.

तुम्ही बहुतेक सगळे भारतीय पासपोर्टवाले असणार, म्हणून वाट सोपी आहे. आवाहन देवस्थानच्या विश्वस्तांनी गावातून, सभासदांना व्यक्तिशः पाठवावे. प्रत्येकाने आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून थेट देवस्थानच्या खात्यात पैसे भरावेत. मध्ये कोणाचेही खाते नको, खजिनदाराचेही नको. त्याआधी देवस्थान धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले आहे का आणि खाते ट्रस्टच्याच नावावर आहे का, ते पाहा. पुष्कळ गावांत ते अजून पुजाऱ्यांच्या आणि माजी सरपंचांच्या संयुक्त नावावर असते.